‘क्षार’ या शब्दाचे वर्गात काय करायचे?

रिसोड तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गात आम्ही मागच्या बाकावर बसून तास पाहत होतो. फळ्यावर सुवाच्य अक्षरात एक समीकरण लिहिलेले होते : आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी. त्याखाली, आम्लाचे आणि आम्लारीचे गुणधर्म नाहीसे होतात म्हणून या अभिक्रियेला उदासिनीकरण म्हणतात, असे वाक्य होते. मुले ते वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पापडखार क्षारच हाय ना? मंग त्यानं हयद लाल कायले व्हते?”

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, “तो खार वेगळा, हा क्षार वेगळा. तू समीकरण लिहून घे.” घंटा झाली आणि तास संपला.

सरांचे उत्तर आम्हाला पुढे बरेच दिवस पुरले. ते अर्धे बरोबर होते. घरातला ‘खार’ आणि पुस्तकातला ‘क्षार’ हे खरोखरच वेगळ्या अर्थाचे शब्द आहेत. परंतु पापडखार हा पदार्थ पुस्तकातल्या अर्थानेही क्षारच आहे आणि तरीही तो हळद लाल करतो. म्हणजे मुलीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी बरोबर होता, आणि तिला उत्तर मिळाले नाही. या लेखात आम्ही त्या प्रश्नाच्या आधारे आपल्या शालेय रसायनशास्त्रातल्या एका शब्दाची तपासणी करणार आहोत. आमची तक्रार शिक्षकांविषयी नाही. ती शब्दाविषयी आहे, आणि तो शब्द आपण ज्या रीतीने वर्गात नेतो त्या रीतीविषयी आहे.

पुस्तकातली मांडणी

बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी ओळख’ हा पाठ आहे, तर २०१७ सालच्या नववीच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा. आठवीत मुले दर्शकांची ओळख करून घेतात. नववीत आऱ्हेनियसचा सिद्धान्त येतो : पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देणारी ती आम्लारी. मग सामू, उदासिनीकरण, आम्लांच्या धातूंशी व कार्बोनेटांशी होणाऱ्या अभिक्रिया, आणि क्षार. पाठांचा क्रम शास्त्राला धरून आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही.

‘आम्लारी’ हा शब्दही चांगला घडवलेला आहे. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. फोड करून सांगितली की मुलांना तो एका वाक्यात कळतो. ‘आम्ल’ तर चवीतूनच समजतो. अडचण तिसऱ्या शब्दापाशी येते. आम्ल आणि आम्लारी हे शब्द मूल शाळेत येऊन शिकते. ‘क्षार’ हा शब्द मात्र ते घरून घेऊन येते, आणि घरून आणलेला अर्थ पुस्तकातल्या अर्थाशी जुळत नाही.

घरातला खार

वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात ‘खार’ कुठे कुठे आहे ते पाहू. पापडाच्या पिठात पापडखार असतो. तो सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटाचा बनलेला, आम्लारीधर्मी. औषधांच्या आणि रंगकामाच्या जुन्या दुकानांत जवखार, सज्जीखार, टाकणखार मिळत. हे अनुक्रमे पोटॅशियम कार्बोनेट, सोडियम कार्बोनेट आणि बोरॅक्स. तिन्ही आम्लारीधर्मी. इथपर्यंत खार म्हणजे आम्लारीधर्मी पदार्थ, असे म्हणता येते.

पण लोणच्यालाही ‘खार’ सुटतो, आणि तो तर आंबट असतो. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत जी आंब साचते, जिच्यामुळे हरभऱ्यातून चालताना पाय चुरचुरतात, तिलाही काही गावांत खारच म्हणतात. ती मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची असते. बोअरच्या पाण्याला ‘क्षार फार आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा मनात असतात ती कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगे, ज्यांमुळे साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. जुलाबानंतर डॉक्टर ‘अंगातले क्षार कमी झाले’ म्हणतात तेव्हा त्यांना सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड अभिप्रेत असतात. आणि भाजी ‘खारट’ झाली म्हणजे तीत मीठ जास्त पडले.

तेव्हा घरातला खार आम्लारीधर्मी आहे, आम्लधर्मी आहे, उदासीनही आहे. घरातल्या भाषेने हे नाव जिभेला आणि कातडीला जाणवणाऱ्या तिखटपणावरून दिले आहे. त्यात घरातल्या भाषेचे काही चुकले नाही. तिला आयनांचे वर्गीकरण करायचे नव्हते, पापड लाटायचे होते. चूक होते ती वर्गात. हे सगळे अर्थ डोक्यात असलेल्या मुलापुढे आपण ‘क्षार’ हा शब्द अगदी नवा असल्यासारखा ठेवतो आणि त्याची एका ओळीची व्याख्या लिहून देतो.

शब्द राखेतून आला

हा गोंधळ आजचा नाही. संस्कृतातला ‘क्षार’ हा मुळात राखेतून काढलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय ‘क्षारपाकविधी’ या नावाचा आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचे, आणि तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेली चुनखडी व शंख-शिंपले घालायचे, असा हा विधी आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटापासून चुन्याच्या साहाय्याने पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार करायचे. हा खरोखरीचा अल्क झाला.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक विज्ञान-शिक्षकाला ठाऊक असावी. क्षाराने झालेला दाह आंबट द्रवाने शमवावा, कारण आम्लाशी संयोग झाला की क्षार आपला तीक्ष्णपणा सोडतो, असे सुश्रुत सांगतो. उदासिनीकरणाचे इतके जुने आणि इतके नेमके निरीक्षण आपल्याच परंपरेत आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासात या ग्रंथाची दखल घेतली आहे.

आता शब्दांकडे पाहा. सुश्रुताच्या भाषेत आम्ल आणि क्षार एकमेकांचे विरोधी आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकात क्षार हे आम्लाचे अपत्य आहे. शब्द एकच, पण नात्यात त्याची जागा बदलली.

अरबीतल्या ‘अल-कली’ या शब्दाचा अर्थही राखेशीच जोडलेला आहे. त्यातून युरोपीय भाषांत ‘अल्कली’ आला आणि त्यावरून मराठीत ‘अल्क’. म्हणजे ‘अल्क’ आणि ‘क्षार’ हे दोन्ही शब्द राखेच्या ढिगातून निघाले आणि मराठी परिभाषेत येऊन दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसले. हिंदीने वेगळी वाट धरली. तिथे आम्लारीला ‘क्षारक’, अल्काला ‘क्षार’ आणि आपल्या क्षाराला ‘लवण’ म्हणतात. वाशीमचा एखादा मुलगा हिंदीतले विज्ञानाचे पुस्तक उघडेल तर तिथे ‘क्षार’ शब्द त्याने शिकलेल्या अर्थाच्या जवळजवळ उलट अर्थाने वापरलेला आढळेल. हा आम्ही कल्पिलेला धोका नाही. पुढे स्पर्धापरीक्षेची हिंदी पुस्तके वाचणारी मुले आपल्याकडे थोडी नाहीत.

शेतीच्या मराठीने आणखी एक शब्द आणला आहे. कृषी-पुस्तिकांत सामूला ‘आम्ल-विम्ल निर्देशांक’ म्हणतात आणि आम्लारीधर्मी जमिनीला ‘विम्लधर्मी’. म्हणजे एकाच गुणासाठी आम्लारीधर्मी, अल्कधर्मी, विम्लधर्मी आणि बोलताना ‘क्षारीय’, असे चार शब्द फिरत आहेत.

लोणारची साक्ष

रिसोडहून पश्चिमेला सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आत, जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते आहे. झऱ्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते, विरघळलेले पदार्थ मागे राहतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटांच्या रूपात तळाशी बसतात. पाण्यात उरतात ती मुख्यतः सोडियमची कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड. अनेक वर्षांच्या मोजमापांत या पाण्याचा सामू १० च्या आसपास मिळालेला आहे. पाण्याची पातळी वाढली की तो खाली येतो. ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी.

आता फळ्यावरचे समीकरण लोणारच्या काठावर उभे राहून वाचा. पुस्तकातल्या अर्थाने या पाण्यात विरघळलेले सोडियम कार्बोनेट क्षार आहे, बायकार्बोनेट क्षार आहे आणि मीठही क्षारच आहे. सगळे क्षारच. आणि तरीही पाणी आम्लारीधर्मी, तेही साबणासारखे बुळबुळीत. ‘क्षार उदासीन असतात’ हे विधान, जे पुस्तकात तसे लिहिलेले नसते पण उदासिनीकरणाच्या तासानंतर बहुतेक मुलांच्या डोक्यात बसलेले असते, ते एवढ्या एका सरोवराने खोटे ठरते.

२०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण मिठाळ पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. त्या दिवसांत ‘सरोवरातली क्षारता वाढली’ असे वाक्य कानावर पडलेल्या मुलाने काय समजायचे? पाणी जास्त खारट झाले, की जास्त आम्लारीधर्मी झाले? या दोन स्वतंत्र राशी आहेत. एक वाढली म्हणून दुसरी वाढतेच असे नाही. समुद्राचे पाणी पुष्कळ खारट असते, पण त्याचा सामू ८ च्या थोडा वर एवढाच असतो.

क्षाराचे आईबाप

मग मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय?

प्रत्येक क्षाराला एक आम्ल आणि एक आम्लारी, असे आईबाप असतात. दोघेही तीव्र असतील तर क्षाराचे द्रावण उदासीन राहते. मीठ हे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचे अपत्य आहे. दोघेही तीव्र, म्हणून सामू ७ च्या जवळ. धुण्याच्या सोड्याची आम्लारी तीव्र, पण आम्ल कार्बोनिक, म्हणजे सौम्य. म्हणून धुण्याचा सोडा ठळकपणे आम्लारीधर्मी. नवसागराचे उलट आहे. आम्ल तीव्र, आम्लारी म्हणजे अमोनियाचे पाणी, ती सौम्य. म्हणून नवसागराचे पाणी किंचित आम्लधर्मी. हिराकस, मोरचूद, तुरटी हे तिन्ही क्षार सल्फ्युरिक आम्लापासून आलेले आणि त्यांच्या धातूंची हायड्रॉक्साइडे सौम्य, म्हणून त्यांची द्रावणे स्पष्ट आम्लधर्मी असतात. नववीच्या पाठात आम्लधर्मी, आम्लारीधर्मी व उदासीन अशी क्षारांची विभागणी येते, याचे श्रेय पुस्तकाला द्यायलाच हवे. पण वर्गात तिथे पोहोचेपर्यंत ‘क्षार म्हणजे उदासीन’ हे समीकरण घट्ट बसलेले असते आणि ही विभागणी अपवादांची यादी म्हणून पाठ केली जाते.

शिक्षकाने स्वतःसाठी एक पाऊल पुढे जावे. आऱ्हेनियसने १८८४ च्या आपल्या प्रबंधात विचरणाची कल्पना मांडली आणि १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या व्याख्येने धुण्याचा सोडा समजत नाही, कारण सोड्याच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाहीच. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, व्याख्या रुंद केली : हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, घेतो ती आम्लारी. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन आयन ओढून घेतो. मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि तोच हळद लाल करतो. मोरचुदात उलट घडते. तांब्याच्या आयनाभोवती जमलेले पाण्याचे रेणू हायड्रोजन आयन सोडून देतात. हे नववीच्या मुलांना सूत्रांनिशी सांगायची गरज नाही. पण शिक्षकाला ते माहीत असेल, तर ‘तो खार वेगळा’ म्हणून प्रश्न मिटवावा लागणार नाही.

बागवानाचा चाकू

क्षार आम्लधर्मी असू शकतो, हे संत्र्याच्या बागवानाला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर, मालेगाव, कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. तिथे बुरशीजन्य रोगांसाठी बोर्डो मिश्रण वापरतात. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे त्याचे नेहमीचे एक टक्क्याचे प्रमाण. फ्रान्समध्ये मिलार्देने १८८५ साली द्राक्षांवरील केवड्यासाठी ते प्रसिद्ध केले. नुसत्या मोरचुदाच्या पाण्याने पाने करपतात. चुना घातला की मोरचुदाची आम्लता जाते, विरघळलेले तांबे अविद्राव्य रूपात येते आणि मिश्रण फवारण्याजोगे होते.

चुना पुरेसा पडला की नाही हे बागवान कसे ओळखतो? घासलेला लोखंडी चाकू किंवा विळा तो मिश्रणात थोडा वेळ धरतो. पात्यावर तांबूस थर आला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना आणखी हवा. लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढले, ही आपल्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रियाच. म्हणूनच मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत. एका बादलीत आम्लधर्मी क्षार, आम्लारी, उदासिनीकरण आणि विस्थापन असे चार धडे आहेत. त्या बागवानाचा मुलगा आपल्या वर्गात बसून ‘क्षार उदासीन असतात’ असे लिहीत असेल, तर चूक कोणाची हे आपण आपल्यालाच विचारावे.

जमिनीची किंमत

कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? परिभाषा ठरलेली आहे, मुलांनी ती शिकावी. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परिभाषा वारंवार बदलणे हे तिच्या गोंधळापेक्षा वाईट. पण हा गोंधळ वहीत राहत नाही, तो शेतात उतरतो. म्हणून हा खटाटोप.

२०१५ साली सुरू झालेल्या योजनेतून शेतकऱ्यांना जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यात पहिल्याच ओळींत सामू असतो आणि विद्युत वाहकता असते. या दुसऱ्या राशीला मराठीत सर्रास ‘क्षारता’ म्हणतात. सामू आम्लारीधर्मिता सांगतो, तर क्षारता विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण सांगते. वाचणारा बहुधा दोन्ही एकच समजतो.

मृदाशास्त्रात मात्र यावरून जमिनीचे दोन निराळे आजार ठरतात. क्षारयुक्त जमिनीची वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून जास्त, पण सामू ८.५ पेक्षा कमी असतो. तिच्यावर पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत वाहकता कमी असते, पण सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असते. तिच्यात पाणी मुरत नाही, वाळली की ती दगडासारखी होते. उपाय वेगवेगळे आहेत. क्षारयुक्त जमिनीला चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. चोपण जमिनीला आधी जिप्सम लागते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावते आणि मग पाण्याने ते धुऊन जाते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकून पैसा वाया जातो.

शेजारच्या अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा या प्रश्नासाठी सर्वांना माहीत आहे. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र होईपर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. वाशीमच्या बऱ्याच शेतकऱ्यांची सोयरीक त्या पट्ट्यात असते. ‘जमिनीत क्षार झाले, जिप्सम टाका’ हा सल्ला त्यांच्या कानावर येतो. पुस्तक वाचलेले मूल विचारील, “जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तोही क्षारच. क्षार झालेल्या जमिनीत पुन्हा क्षार कशाला?” फार चांगला प्रश्न आहे. याचे उत्तर देता येते ते ‘कोणता क्षार’ असे विचारायची सवय लागलेल्यालाच.

काय करता येईल

शब्द बदला, अशी मागणी आम्ही करत नाही. ‘क्षार’ मराठी शाळेत इतका रुजला आहे की तो उपटणे आता शक्य नाही आणि इष्टही नाही. तीन गोष्टी मात्र उद्याच्या तासापासून करता येतील.

पहिली : पाठ सुरू करताना फळ्यावर ‘खार’ आणि ‘क्षार’ असलेले सगळे शब्द मुलांकडून लिहून घ्यावेत. पापडखार, जवखार, लोणच्याचा खार, खारट, खारपाण, क्षारपड, पाण्यातले क्षार. मग स्पष्ट सांगावे की या यादीत एक शब्द अनेक कामे करतो आहे. रसायनशास्त्रात आपण त्याला एकच काम देणार आहोत : आम्लातल्या हायड्रोजनची जागा धातूने किंवा अमोनियमने घेतली की मिळणारे संयुग म्हणजे क्षार. या कामात ते आंबट आहे की बुळबुळीत, याविषयी काही सांगितलेले नाही. पदार्थासाठी ‘क्षार’ आणि गुणासाठी ‘आम्लारीधर्मी’, हा भेद शिक्षकाने स्वतःच्या बोलण्यात वर्षभर पाळावा. ‘क्षारीय’ हा शब्द वर्गात न वापरलेला बरा.

दुसरी : उदासिनीकरणाच्या तासालाच, पुढच्या महिन्यात नव्हे, क्षारांची तपासणी करावी. सात काचेचे पेले किंवा पारदर्शक वाट्या घ्याव्यात. त्यांत मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, तुरटी, नवसागर आणि हिराकस यांची चमचाभर द्रावणे करावीत. दर्शक म्हणून हळद एकटी पुरत नाही, हे ध्यानात असू द्यावे. हळद आम्लारीधर्मी द्रावणात लाल होते, पण आम्लधर्मी आणि उदासीन यांत फरक दाखवत नाही, पिवळीच राहते. खाण्याच्या सोड्याचा सामू ८ च्या थोडाच वर असतो, त्यामुळे तिथेही हळदीचा बदल फिका दिसतो. म्हणून जोडीला गोकर्णाच्या निळ्या फुलांचा काढा घ्यावा. आम्लात तो जांभळट-गुलाबी होतो आणि तीव्र आम्लारीत हिरवट. मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग पाहावे. सातही पदार्थ क्षार आहेत हे शेवटी सांगावे. हिराकस व मोरचूद चाखू देऊ नये, चुन्याचे शिंतोडे डोळ्यांत जाऊ देऊ नयेत, आणि तास संपल्यावर हात धुवायला लावावेत. लोणारचे पाणी बाटलीत भरून आणण्याची गरज नाही. ते अभयारण्य आहे. धुण्याचा सोडा आणि मीठ पाण्यात विरघळवले की वर्गातच छोटे लोणार तयार होते.

तिसरी : प्रश्नपत्रिका. ‘क्षार म्हणजे काय?’ या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर येते. त्याऐवजी विचारावे : ‘मीठ आणि धुण्याचा सोडा दोन्ही क्षार आहेत. एकाने हळद लाल होते, दुसऱ्याने होत नाही. का?’ किंवा दोन काल्पनिक जमिनींचे सामू आणि वाहकता देऊन विचारावे : ‘जिप्सम कोणत्या जमिनीत टाकाल?’ अशा प्रश्नाचे उत्तर देणारे मूल घरी जाऊन वडिलांची जमीन आरोग्य पत्रिका वाचू शकेल. विज्ञानाच्या पाठाकडून यापेक्षा जास्त काय मागावे?

त्या तासानंतर आम्ही सरांशी व्हरांड्यात बोललो. ते म्हणाले, प्रश्न त्यांनाही पडला होता, पण पोर्शन राहिला होता. ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती जाणतो. तरी आमचे म्हणणे असे की पापडखाराचा प्रश्न हा पोर्शनच्या बाहेरचा नव्हताच. तो त्या पाठाच्या मधोमध होता. पाठ जिथे पोहोचवायचा होता तिथे ती मुलगी आपली आपण येऊन उभी राहिली होती, पापडाच्या पिठातून.

आपल्या गावात ‘खार’ आणि ‘क्षार’ हे शब्द आणखी कोणकोणत्या वस्तूंना लावतात, त्यांची यादी मुलांकडून करून घ्यावी आणि प्रत्येकाचा सामू पाहून आम्हाला कळवावे. पुढच्या एखाद्या अंकात ती सगळी एकत्र मांडता येईल.